एका आकड्याने हुकलेला मीटर

आमच्या कोपरच्या सोसायटीत नवे वीजमीटर बसले आणि माझ्यावर घोर अन्याय झाला. शेजारच्या दामले बाईंच्या मीटरचा नंबर आला ७३९३९१३३. माझा... ७३९३९१३४.

यात बिघडलं काय? मलाही तसंच वाटलेलं... बाईंनी ग्रुपवर मेसेज टाकेपर्यंत. बाई गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका. त्यांनी लिहिलं, 'माझा नंबर मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. शेवटचा अंक पुसा, उरते तीही मूळ. पुसत पुसत सातापर्यंत या, प्रत्येक वेळी मूळच! अशी याहून मोठी संख्या नाही.'

एरवी 'उद्या पाणी नाही' याखेरीज काही न लिहिणाऱ्या सेक्रेटरींनी चक्क टाळ्या पाठवल्या. माझ्या विनोदी पोस्टना हा माणूस वर्षानुवर्षं नुसता अंगठा दाखवतोय...

माझ्या नंबराला दोनाने भाग जातो. तिनाने जातो, सहानेही जातो. कोणीही यावं आणि भाग देऊन जावं, धर्मशाळाच ती! बायको म्हणाली, "अरे, मीटर आहे तो. पत्रिका नाही तुझी." पण जळायचं ते मी जळलोच.

त्यात आमची मुक्ता. सहावीतली, भागाकार म्हटला की हिच्या पोटात दुखतं. मी शिकवायला बसलो की दोघंही रडकुंडीला येऊन उठतो. हीच मुलगी आता रोज बाईंकडे जाऊन त्या नंबराचे अंक पुसत भागाकार करते... आणि तिचं हसणं भिंतीपलीकडून आमच्या हॉलमध्ये ऐकू येतं. हे मात्र खरंच लागलं.

परवा बाईंकडे पंख्याचं काम निघालं. वायरमनने खाली जाऊन त्यांच्या मीटरचा स्विच बंद केला, आणि बंद पडला आमचा टीव्ही. बाईंचा पंखा फिरतोच आहे! मीटर बसवणाऱ्यांनी दोन्ही घरांच्या वायरी उलट्या जोडलेल्या. म्हणजे तो नंबर माझा!

मी धावत खाली. वायरमन म्हणाला, "सोपंय साहेब. अजून बिलं आलेली नाहीत. वायरी राहू देत, नावाच्या पट्ट्या बदलून टाकू." मी ग्रुपसाठी मेसेजही लिहिला. चांगला झोंबणारा.

तेवढ्यात मुक्ता जिन्यावरून ओरडत आली, "बाबा! सातशे एकोणचाळीसला कश्शाकश्शाने भाग जात नाही! मी एकटीने बघितलं. आता बाईंच्या नंबरचा पुढचा आकडा पण मीच करणार!"

बाईंच्या नंबरचा...

मी मेसेज पुसला. "पट्ट्या राहू देत," वायरमनला म्हटलं, "वायरी बदला."

"उगाच काम वाढवताय साहेब."

"वाढू दे."

बाईंना एवढंच कळलं, की वायरी उलट्या होत्या, आता सरळ झाल्या. मत्सर गेलाय असं नाही. आजही मीटरपाशी गेलो की तो शेवटचा तीन बघून पोटात दुखतंच... पण शिकवणीची फी विचारली असती तर बाईंनी मला दारातूनच हाकललं असतं. म्हणून ती अशी परस्पर चुकती केली.