मधल्या वेळेचं रक्त

आईला मूत्रपिंडाचा जुना त्रास, त्यात रक्तात जंतुसंसर्ग झाला. संगमेश्वराजवळच्या गावातून तिला रत्नागिरीत आणून दवाखान्यात ठेवलं. सलाइनमधून चाललेलं औषध अंगात साठलं तर मूत्रपिंडं जाणार, कमी पडलं तर जंतू राहणार. ते किती वेगाने उतरतंय हे कळावं म्हणून डॉक्टर दर थोड्या तासांनी रक्त काढणार होते. पण आईच्या शिराच सापडेनात. दोन्ही हात काळेनिळे झाले होते. नर्स दिसली की ती हात चादरीत लपवायची.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एखादी वक्ररेषा ओळखायची तर मोजमापं नेमकी कधी घ्यावीत, हाच माझा अभ्यासाचा विषय, पण तो आजवर फळ्यावरच राहिला होता. घाबरत घाबरत डॉक्टरांना म्हटलं, दोनदाच टोचा. एकदा औषध अंगात मुरल्यावर, एकदा बऱ्यापैकी उतरल्यावर. फार लवकर काढलं तर उतार दिसत नाही, फार उशिरा काढलं तर मोजायला काही उरत नाही. गंमत अशी की ही वेळ ठरवायला उतरण्याचा वेग आधी माहीत हवा, आणि तोच तर शोधायचा असतो. मग आईचं वजन आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनी वेगाचा अंदाज दिला. त्यावरून मी वेळ काढली.

"दोनदाच?" आई म्हणाली. "मग मधी काय होता, ता कोन बगताय?"

मी दोन्ही वेळा कागदावर लिहून नर्सला दिल्या.

दोन आकडे आले, त्यांवरून मी औषध उतरण्याची रेषा काढली. डॉक्टरांचं समाधान होईना. पुढच्या डोसनंतर मधल्या वेळेचं एकदा बघू या, म्हणाले. मी चिडलेच. गरज नाही म्हणून हुज्जत घालत होते, तेवढ्यात आईने आपणहून हात चादरीबाहेर काढला.

"घ्या डॉक्टर. हिचा गनित खरा हाय का, ता मला पन बगूंदे."

संध्याकाळी आकडा आला. अगदी माझ्या रेषेवर. औषध अंदाजापेक्षा हळू उतरत होतं; डॉक्टरांनी लगेच डोस कमी केला. मी थक्क होऊन कॉटवर बसले. इतकी वर्षं जी रेषा खडूने काढत आले, ती कुणी बघत नसताना माझ्या आईच्या अंगात तशीच उतरत होती.

"आला काय बरोबर?"

"आला."

"मग आता सोड."

बघते तर तिचा तो काळानिळा हात मी घट्ट धरून ठेवला होता.