भासऱ्यांची गाडी आणि माझा पेला

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील. शाळा चौथीतच सुटली, माफी असावी. पण आमच्या भासऱ्यांइतका गाडीवर जीव लावणारा माणूस साऱ्या कारंजा गावात झाला नाही, एवढं मात्र चुकीचं लिहिलेलं नाही.

भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. वीस वर्षं मी डोक्यावर पदर घेऊन त्यांना वाढलं, पण शब्द एक नाही. तेही माणसांशी कमीच बोलत, गाडीशी जास्त. जुन्या पेट्रोल गाडीला त्यांनी भंगारातला टर्बो बसवला होता. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मग पेट्रोल त्या मापानं वाढवावं लागतं आणि जोर लागला की ठिणगी जरा उशिरा पाडावी लागते. हे ते रोज गाडीला समजावून सांगत, मी चुलीपासून ऐके. पुतणीला पाहायला पाहुणे आले, तर भासऱ्यांनी इंजिनातले ठिणगी पाडणारे प्लग काढून बशीत मांडले. "काळा पडला तं पेट्रोल जास्त, पांढरा पडला तं कमी. भाकरीवानी बदामी पाह्यजे." पाहुण्यांनी पोरीआधी प्लग पसंत केले.

एकदा ठिणगी लवकर पडत राहिली आणि पिस्टनला भोक पडलं. नव्या पिस्टनसाठी मी माझ्या दोन शेळ्या विकून यांच्या हाती पैसे पाठवले. भासरे म्हणाले, "आता फुटलं तं गाडीले हात नाई लावत."

ठिणगी लवकर पडली की चढावर इंजिन बारीक तडतडतं, ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसं. साठीनंतर भासऱ्यांना तेच ऐकू येईना. हे म्हणाले, "मले तं हॉर्नच समजते."

"मंग तिले बसव मागं," भासरे म्हणाले. "लाह्या कोन फोडते घरात?"

तेव्हापासून मी मागच्या सीटवर, हातात पितळी पेला आणि चमचा. तडतड आली की पेला वाजवायचा. ते थांबून टाइमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं घेत.

एक दिवस चढावर त्यांनी जोर दिला. टर्बोची शिट्टी झाली, गाडीला धक्का बसला आणि पेला सीटखाली गेला. तेवढ्यात लाह्या फुटू लागल्या, भराभर. मी ओरडले, "थांबा!"

गाडी थांबली. पुढं बसलेल्या यांनी कपाळाला हात लावला. भासरे उतरले, बॉनेट उघडलं, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि गाडीलाच म्हणाले, "आयकलं का? तुले वाचवलं तिनं."

मी पदर आणखी पुढं ओढला. पण बरं वाटलं.

यंदा त्यांना टर्बोची शिट्टीही ऐकू येईना. कोणाला न सांगता त्यांनी गाडी विकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर माझा पेला होता, घासून लख्ख, आत नोटांची गुंडाळी. भासरे अंगणात उभे होते, गाडी असायची त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून.

"मोजून घे म्हना," ते तिकडेच पाहून बोलले.

मी मोजले. दोन्ही शेळ्यांचे होते, पुरते. मी पेला दोनदा वाजवला.