मामांची हाक

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. आमचे मामा पुष्कळ वर्षं गावचे सरपंच होते आणि सरपंचपद गेल्यावरही गाव त्यांना सरपंचच म्हणायचं. पाटोद्याच्या बाजारात त्यांनी एखाद्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला माणूसही वळून बघायचा. सभेत माईक बंद पडला की लोक म्हणायचे, सरपंचांना उभं करा. घरात मात्र त्यांना आवाज चढवावाच लागला नाही. खाकरले की पाणी न्यायचं, चष्मा काढून ठेवला की चहा टाकायचा, हे मी लग्नानंतर लगेचच शिकले. माझं माहेर शिरूर कासारकडचं, म्हणून ते मला शिरूरकरीण म्हणायचे. मी त्यांच्यासमोर पदर सावरून, खाली बघून, लागेल तेवढंच बोलायचे.

ज्वारी काढणीला आली होती तेव्हा त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही, नुसता घोगरा आवाज यायचा. बीडचे डॉक्टर म्हणाले, रोज तोंडाचे व्यायाम करून घ्या, हळूहळू बोलतील. मामांनी एकदोन दिवस केले आणि मग समोर धरलेला आरसा डाव्या हातानं ढकलून दिला. लेकरासारखं आ-ई-ऊ करायची त्यांना लाज वाटत होती. मी पुन्हा आरसा धरला नाही.

मी अंगणवाडीत सेविका. सकाळी मी तिकडं असले की माझे मालक घरी थांबायचे, मी दुपारी परत आले की ते शेतात जायचे. म्हणजे आम्ही नवराबायको दारातच भेटायचो. त्यांच्या हातातून मामांची औषधं माझ्या हातात यायची, आणि माझ्या हातातून भाकरीचा डबा त्यांच्या हातात. मामांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, धोतर बदलणं हे दुपारपासून माझ्याकडं. सुरुवातीला भेटायला माणसं यायची, ओट्यावर बसायची. दिवाळी झाली आणि निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. उरलेल्या म्हाताऱ्या माणसांना मामांसमोर बसून काय बोलावं कळत नसावं. तीही येईनाशी झाली.

त्याच दिवाळीत माझे पुण्याचे दीर आले ते खोकी घेऊन. त्यांनी मामांच्या खोलीतला बल्ब बदलला, पंख्याच्या बटणामागं काहीतरी जोडलं आणि कोनाड्यात वाटीएवढा पांढरा स्पीकर ठेवला.

"वहिनी, आता तुम्हाला ऊठबस करायची गरज नाही," ते म्हणाले. "बाबा नुसते बोलतील. लाईट लागेल, पंखा फिरेल, भजन लागेल."

"भाऊजी, त्यांना बोलता कुठं येतंय?"

"येईल की. तोवर तुम्ही बोला."

त्या यंत्राला मराठी धड कळत नव्हतं, म्हणून त्यांनी हिंदी ठेवली. आधी त्याचं नाव घेऊन हाक मारायची आणि मग काम सांगायचं. भाऊजींनी मला करून बघायला सांगितलं. मामा उशाला टेकून बघत होते. माझ्या तोंडातून आवाजच निघेना.

"मोठ्यानं बोला वहिनी. त्याला ऐकू गेलं पाहिजे."

मी पदर दातात धरला होता तो सोडला आणि मोठ्यानं म्हणाले, "बत्ती चालू करो." बल्ब लागला. मामांनी बल्बाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. माझ्या कानशिलांना गरम झालं.

भाऊजी पुण्याला गेले आणि ते यंत्र माझ्यावर येऊन पडलं. मामा घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणायचे, ते आपलं गोड आवाजात सांगायचं, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई." हे ऐकलं की मामांचा चेहरा लाल व्हायचा. सगळ्या गावानं ज्यांचं ऐकलं त्यांना एक स्पीकर दिवसातून कितीदा तरी म्हणायचा की मला समजलं नाही. मग ते "हूं, हूं" करून मला बोलवायचे. मी तव्यावरची भाकरी उतरवून यायचे, ते बोटानं पंखा दाखवायचे, मी म्हणायचे, "पंखा धीमा करो." पूर्वी मी येऊन बटण दाबायचे, आता येऊन बोलायचे. ऊठबस तेवढीच राहिली.

हे फोनवर सांगितलं तर भाऊजींनी आणखी एक स्पीकर आणि एक छोटं बटण पाठवून दिलं. बटण मामांच्या पलंगाला चिकटवायचं आणि स्पीकर स्वयंपाकघरात. मामांनी डाव्या अंगठ्यानं दाबलं की माझ्यापाशी टिंग वाजायची. भाऊजींचा हेतू चांगला होता. पण पूर्वी मामांची एखादी "हूं" मला चुलीपाशी ऐकू यायची नाही, तेवढी तरी उसंत होती. आता कणीक मळताना टिंग. भांडी घासताना टिंग. म्हशीला चारा टाकून आत पाऊल टाकते न टाकते तोच टिंग. उशी सरकली, माशी बसली, खिडकीतून ऊन आलं. कधी मी जाऊन उभी राहायचे आणि त्यांना काहीच नको असायचं. मी येते का, एवढंच बघत असावेत. त्यांचंही मला कळत होतं. ज्याला दिवसभर आढ्याकडं बघत पडायचंय त्यानं करावं तरी काय. पण कळून थकवा कमी होत नाही.

एका दुपारी मी अंगणवाडीचा सर्व्हे उरकून, वस्तीवरची घरं चालून आले होते. पाय सुजले होते. मामांना भरवलं, ताट घेऊन आत गेले, टिंग. उशी नीट केली. परत आले, टिंग. पंखा वाढवला. स्वतःचं ताट वाढून घेतलं, पहिला घास मोडला, टिंग. गेले तर मामा नुसते बघत होते.

"काय पाहिजे मामा?"

त्यांनी मान हलवली. काही नाही.

मी स्वयंपाकघरात आले आणि स्पीकरची पिन ओढून काढली. मग वाटलं, ते दाबत बसतील आणि त्यांना वाटेल बिघडलंय. म्हणून परत खोलीत गेले.

"मामा, आतलं ते मी काढलंय," मी म्हणाले. "मी दमलेय. लई दमलेय. तुमचं करायला मी न्हाई म्हणत न्हाई, जलमभर करीन. पर ते वाजलं की माझ्या काळजात धस्स होतंय. मला जेवू द्या."

मी हे त्यांच्याकडं बघून बोलले. मामांनी तोंड भिंतीकडं केलं. मी आत जाऊन जेवले. संध्याकाळपर्यंत त्यांनी "हूं"सुद्धा केलं नाही. चहा पाजला तेव्हा बशीतून निमूट प्याले, माझ्याकडं न बघता.

मालक शेतातून आल्यावर म्हणाले, "कशापायी काढलंस ते?"

"तुमी एक दुपार बसा त्याच्यापाशी, मंग सांगते."

ती पिन नंतर कुणी लावली नाही.

पुढचे बरेच दिवस घरात अबोला होता. अबोला म्हणायचा तरी कसा, मामा तसेही बोलत नव्हते. पण मागायचंही त्यांनी सोडलं होतं. अंधार पडला तरी बल्ब लावायला सांगायचे नाहीत. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा यायचा.

अंगणवाडीत एक लेकरू होतं, उशिरा बोलायला लागलेलं. ते सगळ्याला "बा" म्हणायचं. पाणी म्हणजे बा, खाऊ म्हणजे बा, घरी जायचं म्हणजे बा. एकदा त्याला पाणी पाजताना माझ्या मनात आलं, "बा" तर मामांनाही येतं. खोकताना, कूस बदलताना त्यांच्या ओठांतून तसाच आवाज निघायचा. हिंदीत बत्ती चालू करो म्हणायला त्यांची जीभ वळणार नव्हती. त्यांनी यंत्राचं बोलणं शिकण्यापेक्षा यंत्राला त्यांचं शिकवता आलं तर बघावं.

मी भाऊजींना फोन केला. "त्या बल्बाचं नाव बदलता येतं का?"

"येतं. काय ठेवू?"

"बा."

ते हसले. मग म्हणाले, "वहिनी, मोबाईल हातात घ्या, मी सांगतो तसं करा."

त्यांनी सांगितलं तसं मी करत गेले. हाक मारल्यावर नुसतं "बा" म्हटलं तरी बल्ब लागेल आणि पुन्हा म्हटलं की विझेल असं केलं. पंखा "पा"वर ठेवला. यंत्राला हाक मारायचं नावही बदलता येत होतं. मोबाईलवर दिसत होती त्या नावांतलं सगळ्यात लहान, दोन अक्षरांचं निवडलं.

मग मी मामांच्या खोलीत तुरीच्या शेंगा घेऊन बसायला लागले. त्यांना काही सांगितलं नाही. शेंगा सोलता सोलता यंत्राला हाक मारायची आणि म्हणायचं, "बा." बल्ब लागायचा. पुन्हा, "बा." विझायचा. मामा डोळ्यांच्या कडेनं बघायचे, मग तोंड फिरवायचे. मला तसं बसायचंच होतं, शेंगा सोलायच्याच होत्या. बसल्याजागी पायांना आराम मिळायचा, हे त्यातलं खरं सुख.

कधीतरी त्यांचे ओठ हलायला लागले. आधी आवाज नाही, नुसते ओठ. मी बघितलं नाही असं दाखवलं. मग घोगरं काहीतरी. यंत्र म्हणालं, समझ नहीं पाई. या वेळी ते चिडले नाहीत. माझ्या तोंडाकडं बघितलं. मी हाकेची ती दोन अक्षरं तोडून, सावकाश म्हटली. त्यांनी म्हटली. मग मी "बा" म्हटलं. त्यांनी म्हटलं. आमचं हे रोजचं होऊन बसलं. ज्या माणसासमोर मी खाली बघून बोलायचे त्या माणसाला रोज संध्याकाळी माझे ओठ बघायला लागायचे.

बल्ब लागला तेव्हा मी चुलीपाशी होते. खोलीतून आधी काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं आणि उंबऱ्यावर उजेड पडला. मग विझला. परत लागला. मी दारात जाऊन उभी राहिले. मामा अर्ध्या तोंडानं हसत होते, डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. मला बघून त्यांनी पुन्हा "बा" करून विझवला, अंधारात थांबले आणि परत लावला.

"लागला की," मी म्हणाले.

मला आनंद झाला. पण खरं सांगायचं तर त्याआधी मनात आलं ते हे, की आता तेवढ्यासाठी उठावं लागणार नाही. मी परत जाऊन भाकरी थापायला बसले. ते बराच वेळ दिवा लावत आणि विझवत राहिले.

तिथून त्यांचं बोलणं हळूहळू सुटलं. "बा"नंतर "पा", मग अख्खं "पाणी", मग माझ्या मालकांच्या नावातलं पहिलं अक्षर. सगळं काही सुधारलं असं नाही. गावात लाईट गेली की वायफायचा डबा बंद पडायचा. बल्ब विझायचा आणि यंत्र बहिरं व्हायचं. मामा "बा, बा" करत राहायचे आणि मग मला जावं लागायचं. पाणी, धोतर, कूस, हे तर कुठल्याच यंत्राला सांगता येत नव्हतं.

ऊसतोडीची माणसं परतल्यावर आमच्या आळीतल्या बायकांनी नारायणगडाला जायला जीप ठरवली. मालक म्हणाले, "जा, मी हाय घरी." मामा आजारी पडल्यापासून मी कुठं गेलेच नव्हते. गडावर रांगेत उभी राहिले, दर्शन घेतलं, सावलीत बायकांबरोबर बसून दशम्या खाल्ल्या. पण कान घराकडं होते. कुणाच्या मोबाईलवर टिंग झालं तरी मी दचकायचे.

परत आले तेव्हा दिवस मावळला होता आणि लाईट नव्हती. मालक म्हशीचं दूध घालायला डेअरीवर गेले होते. मामांची खोली अंधारी होती. मोबाईलचा उजेड पाडला तर ते जागे होते, धोतर ओलं होतं.

"मामा, शेजारच्या आक्काला हाक मारायची की. का मारली न्हाई?"

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवला. "येशील... म्हनलं... तू."

मी पाणी तापवलं, त्यांना पुसलं, कोरडं धोतर नेसवलं. ते निमूट माझ्याकडं बघत होते. मग विचारलं, "देव?"

"झालं दर्शन. रांग लई मोठी व्हती. आमी उन्हात उभ्याच व्हतो."

त्यांनी डाव्या हातानं पलंगाची कड थोपटली. बस म्हणत होते. भांडी पडली होती, भाकरी व्हायची होती, पाय दुखत होते. मी बसले. जीप कुठं थांबली, कोण कोण होतं, चढावर कोण मागं राहिलं, सगळं सांगत गेले. ते ऐकत होते. मध्येच लाईट आली आणि बल्ब आपोआप लागला. मी प्रसादाचा खडीसाखरेचा खडा बारीक करून त्यांच्या जिभेवर ठेवला, ओलं धोतर बादलीत टाकलं आणि चूल पेटवायला गेले.