वैनींच्या हातचा मुलामा

रहिमतपूरच्या स्टँडामागं नानासोचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. हॉर्न, डायनामो, दिवे. या कामात पंचक्रोशीत आपल्यासारखा दुसरा नाही, अशी त्याची स्वतःची पक्की समजूत होती.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी भाऊसो आपली जुनी जीप घेऊन आला. दिव्याची काच तडकून आत पाणी गेलं होतं आणि उजेड पुढं फेकणारी आतली वाटी काळी पडली होती.

"ही गेली कामातनं," नानासो म्हणाला. "पुण्याच्या जुन्या बाजारात बघ आता."

त्याची बायको शालूबाई जेवण घेऊन आली होती. तिनं वाटीची कड पुसून पाहिली.

"आवं, पितळ हाय की ही. चांदी चढंल."

वाईला तिच्या माहेराशेजारी सयाजीबाबा देवांच्या टाकांना चांदीचा मुलामा देत. लग्नाआधी ती त्यांच्याकडं ते काम शिकली होती. तिनं त्यांच्याकडून चांदीची पूड आणवली, मिठात कालवली आणि ओल्या चिंधीनं वाटीवर हलक्या हातानं चोळली. दिवस मावळता भाऊसोनं दिवा लावला, तर उजेड थेट ओढ्यापलीकडच्या बांधावर पडला.

नानासोनंच पहिल्यांदा टाळी वाजवली. पण महिन्याभरात लोक दुकानात शिरता शिरता विचारू लागले, "वैनी हाईत का?" वायरिंग त्यानं करायचं, दिवा त्यानं बसवायचा, आणि नाव मात्र वैनींचं! एकदा ती नसताना त्यानं स्वतः पूड चोळून पाहिली. सगळीकडं डाग पडले. ती वाटी त्यानं गुपचूप भंगारात टाकली.

एक दिवस कवठे महांकाळहून बिराप्पा आला. घोंगड्यात गुंडाळलेल्या ट्रकच्या दोन वाट्या त्यानं नानासोच्या पुढ्यातून नेऊन शालूबाईच्या हातात दिल्या. नानासोच्या अंगाची लाही झाली. तिनं काम पुरं करून वाट्या वाळत ठेवल्या आणि ती पाण्याला गेली. नानासोनं पितळेचं पॉलिश घेतलं, कोरडं फडकं घेतलं आणि खसाखसा घासलं. चांदी फडक्यावर आली, खालचं पितळ पिवळं उघडं पडलं.

बिराप्पा वाट्या न्यायला आला तेव्हा नानासो म्हणाला, "हिचा मुलामाच कच्चा पडला."

शालूबाईनं वाट्या पाहिल्या. मग नवऱ्याची पॉलिशनं काळी झालेली बोटं पाहिली.

"व्हय," ती बिराप्पाला म्हणाली, "चुकलं माझं. चार दिवसांनी या, परत करून देते."

तिनं भांडण केलं असतं तर नानासोला सोपं गेलं असतं. पूड संपली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं वाट्या घेऊन एस्टीनं वाईला गेली.

सयाजीबाबांनी वाटी उजेडात फिरवली. "शालू, मुलामा चांगला हुता की गं. कोण गाढवानं पॉलिश मारलं?"

ती खाली बघत राहिली.

"मी, बाबा," नानासो म्हणाला. "मला बघवंना."

शालूबाई एवढंच बोलली, "मला कालच कळलं हुतं."

चार दिवसांनी बिराप्पा आला तेव्हा नानासोनं त्यालाही खरं काय ते सांगितलं. त्यामुळं मत्सर गेला असं मात्र नाही. कुणी वैनींना विचारलं की मनात सलायचंच, फक्त तो म्हणायचा, "आत हाय, बसा." ती त्याला शिकवायला तयार होती, पण त्यानं कधी हात लावला नाही.

सत्तरचं दशक सरता सरता बाजारात नव्या वाट्या सहज मिळू लागल्या आणि तिचं काम आटलं. पुन्हा सगळे नानासोलाच हाका मारू लागले. त्याला हायसं वाटलं. रिकाम्या हातानं बाकड्यावर बसलेल्या बायकोकडं मात्र त्याला बरेच दिवस नीट बघता आलं नाही.