मुकी फळी

१९७४ च्या उन्हाळ्यात मिरजेच्या एका निवृत्त सुभेदारांनी आपल्या तळघरात लाकडी जमीन घातली आणि महिना भरायच्या आत ती उखडून दुसरी घातली. पहिली त्यांनी कानाने निवडली होती. जगातली कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे इतक्या ठामपणे मानणारा माणूस मला त्यानंतर भेटला नाही, आणि बातमीदारीच्या निमित्ताने मी बरीच माणसे पाहिली आहेत.

त्यांचे घर तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत होते. ओळीने टांगलेल्या भोपळ्यांवर टिचकी मारून कारागीर चांगला भोपळा निवडत, ते सुभेदार रोज पाहत. त्यांचा डावा कान तोफखान्यात निकामी झाला होता. उजव्यावर त्यांचा दुप्पट विश्वास होता. नारळ आणि माठ तर सगळेच वाजवून घेतात; सुभेदार विटा, छत्रीचा दांडा आणि बिस्किटाचा पुडाही वाजवत. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी पगार विचारला नाही, अंगणात एक फेरी मारायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकले. “टाच वढतंय. आळशी हाय,” असे म्हणून त्यांनी पोह्यांच्या बशा आत नेल्या. मुलाच्या पायाला नवी वहाण लागली होती हे नंतर कळले. तोवर पुतणीनेही नकार दिला होता, त्यामुळे सुभेदारांनी निकाल बदलला नाही.

या माणसाने घराखालचे तळघर दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला दिले होते. पूर्वी तिथे हळदीची पोती असत. भाडे नव्हते. सकाळी झोप कशी लागली तेवढे ते विचारत, आणि फुकट राहणारी भिडस्त माणसे चांगली लागली म्हणत. माझ्या वडिलांच्या पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा वडूजहून आम्ही तिथेच उतरलो. फरशी ओलसर होती. चार रात्रींत आईचे गुडघे धरले, जिना चढताना ती भिंत धरू लागली. सुभेदारांनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी लाकूड आणायला मला घेऊन सांगलीच्या वखारीत गेले.

वखारवाल्याने एक नवी फळी दाखवली. पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले, वर सागाचा एक थर. ओल लागली तरी ही फुगत नाही, तळघराला हीच घ्या, असे तो परोपरीने सांगत होता. सुभेदारांनी टिचकी मारली. “ही मुकी हाय,” ते म्हणाले, आणि फळी बाजूला सारली. मग त्यांनी वखारीतला सगळा साग एकेक करून वाजवला. निवडलेल्या फळ्या मिरजेला आणून खात्रीसाठी घराशेजारच्या तंबोरेवाल्याकडून वाजवून घेतल्या. त्यानेही स्वराला उत्तम असा शेरा दिला. जमिनीसाठी हव्यात हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

जमीन बसली आणि आईचे गुडघे सुधारले. पण दवाखान्यातून कोणाला ना कोणाला रात्री-अपरात्री बोलावणे येई, आणि एक माणूस चालला की सगळे तळघर घुमे. सुभेदारांनी स्वतः झोपून परीक्षा घेतली होती. उजव्या कुशीवर झोपायची त्यांची सवय, चांगला कान उशीत. त्यांना काही ऐकू आले नाही. आई दिवसा वडिलांच्या खाटेशी पेंगू लागली. एकदा तिच्या हातून दूध त्यांच्या अंगावर सांडले. यांना घरी पाठवा, दुसरे कोणी आणा, असे वॉर्डातल्या सिस्टरने मला बजावले. वडील आईशिवाय कोणाच्या हातचे खात नव्हते. तरी मी दुसऱ्या दिवशी आईला वडूजला पोचवायचे ठरवले.

निघताना सुभेदारांनी नेहमीप्रमाणे झोपेची चौकशी केली. आई बोचके घेऊन जिन्यात थांबली.

“आवं सुभेदार, फळी लय ग्वाड बोलती. पर रातच्याला तिला जरा गप बसाया सांगा की.”

सुभेदार खाली जाऊन जमिनीवर आडवे झाले, या वेळी डाव्या कुशीवर, आणि मला चालायला सांगितले. मी भिंतीपर्यंत गेलो. परत फिरायच्या आत ते उठून बसले होते.

“ताई, बोचकं खाली ठेवा,” ते म्हणाले. “कुठं जाऊ नगा.”

त्याच दुपारी ते सांगलीला गेले आणि वखारवाल्याकडे मुकी फळीच मागितली. खाली बारदान अंथरून ती बसवली. सागाच्या फळ्या त्यांनी स्वतःच्या ओसरीवर घातल्या, कोण आले ते कळावे म्हणून. आई राहिली. वडील तिच्या हातचे जेवत राहिले.

पावसाच्या आधी वडिलांना घरी सोडले. आई सामान बांधायला पुढे गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा बोचक्यावर डोके टेकून ती घोरत होती. वडील काठी टेकत तळघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तिच्याजवळ गेले. तिचे घोरणे थांबले नाही. सुभेदार जिन्याच्या खालच्या पायरीवर वहाणा हातात घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला खुणेनेच बसायला सांगितले.

वडूजची दुपारची गाडी चुकली. आम्ही संध्याकाळच्या गाडीने गेलो.