मालगाडीची शेपटी

कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या मेश्रामांच्या नाकातून चहा आला होता, आणि ते तर घटनास्थळी स्वतः हजर होते!

मी रेल्वेत होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसेल, तर तुम्ही मला आजच भेटताय. रायपूरच्या मालधक्क्यावर मी बाबू होतो. उभी हयात मालगाड्यांचे कागद रंगवले. मालगाडी मात्र ऑफिसच्या खिडकीतून दिसेल तेवढीच पाहिली. पण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एवढा बारीक फरक कोण करतो? गाडी लेट असली की विचारायला माझ्याकडे, तिकीट कन्फर्म झालं नाही की रडायलाही माझ्याकडे. आणि मीसुद्धा इंजिन स्वतः हाकल्यासारखी उत्तरं द्यायचो.

तर त्या सकाळी बायको गोंदियाहून, बहिणीकडून परत येत होती. तिची गाडी यायला अवकाश होता, म्हणून मी आणि मेश्राम फाटकाजवळच्या टपरीवर बसलो. मेश्राम कारखान्यातून निवृत्त. माणूस सज्जन, दोष एवढाच, की माझं सगळं खरं मानतो.

फाटक पडलं. कोळशाची लांबलचक मालगाडी आली.

"ही स्टेशनात नाही शिरायची," मी सुरू झालो. "अलीकडूनच बाहेरच्या लाइनीने उरलाच्या कारखान्यांकडे वळेल. अन् शेवट बघा मेश्राम, शेवटी गार्डाचा डबा असतो. तो दिसला की समजायचं, गाडी अखंड आली. नाही दिसला तर?"

"तर?"

"तर गाडी मधेच तुटली! मागचा अर्धा भाग रुळावरच राहिला!"

"बाप रे! असं होते?"

"माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही," मी म्हणालो. जणू मीच होऊ दिलं नव्हतं.

डबे सरत गेले. शेवटचा डबा समोरून गेला. आणि गार्डाचा डबा... नव्हता!

मी चष्मा पुसला. शेवटच्या डब्याच्या पाठीला एक छोटीशी पेटी लटकत होती, तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. त्यामागे नुसते रिकामे रूळ.

माझ्या हातातून ग्लास सुटला. "मेश्राम, गाडी तुटली हो!"

"आता? म्हणजे मागून जी गाडी येईल ते..."

मागून कोणती गाडी येणार होती? गोंदियाची! जिच्यात आमची ही बसली होती!

मी उठून फोन लावला.

"कुठे आहेस?"

"गाडीत. अजून कुठे राहीन? केव्हाची स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलवर थांबवून ठेवली आहे. समोर मालगाडी आहे म्हणते."

"अगं, ती मालगाडी अर्धीच आहे! उतर! आत्ताच्या आत्ता खाली उतर!"

"काहून?"

"काहून नको विचारू! गाडी सुटली की सरळ जाऊन आदळणार! उतर अन् लांब उभी राहा!"

"अन् सामान?"

"सामान गेलं खड्ड्यात! तू उतर!"

माझा आवाज फाटला. खरं सांगतो, मी रडत होतो. पलीकडून तिचा आवाज आला, पण तो मला नव्हता, अख्ख्या डब्याला होता.

"अवो, उतरा सगळे! गाडी आदळते! आमचे हे रेल्वेत होते!"

'आमचे हे रेल्वेत होते.' एवढ्या चार शब्दांवर पूर्ण डबा रिकामा झाला! फोनमधून सगळं ऐकू येत होतं. पोरांची रडारड, "दीदी, पहले बच्चे को पकड़ो!", कुणाची तरी चप्पल.

इकडे टपरीवाल्या भैयाने गॅस बंद केला. का, ते त्यालाच माहीत. फाटकावर खोळंबलेल्या गर्दीत गाडी तुटली, मग रूळ तुटला, मग पूल तुटला. आमच्या बाजूला पूल नाही. तरी एकाने तो पडल्याचा आवाज ऐकला होता!

तेवढ्यात दुसऱ्या लाइनीवर उलट्या दिशेने आणखी एक मालगाडी आली. सगळ्यांच्या माना तिच्या शेपटीकडे वळल्या. गार्डाचा डबा नाही. पेटी. लाल दिवा.

"ही पण तुटली?" मेश्रामांनी हळूच विचारलं.

गलका ऐकून फाटकवाला बाहेर आला. मी धापा टाकत सांगितलं. आजारी माणसाकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

"बाबूजी, अब बहुत गाड़ियों में गार्ड का डब्बा लगता ही नहीं. वो पेटी इंजन को बता देती है कि गाड़ी पूरी है. आप तो रोज़ यहीं बैठते हो!"

रोज बसतो. रोज मालगाडीवर व्याख्यानही देतो. पण इंजिन गेलं की भजी येतात, आणि मग शेपटीकडे बघतो कोण?

हातातला फोन ओरडला. "अवो, गाडी चालली!"

"चढ! लवकर चढ!"

"आता चढ म्हणता? पायरी माह्या छातीपर्यंत आहे!"

पोट्टेसोट्टे टणाटण चढले. ही आणि आणखी तीन बायका गिट्टीवरच राहिल्या. थोड्या वेळाने ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून सुखरूप गेली. बायको सोडून तिच्यात सगळं काही होतं.

मी स्टेशन गाठलं. चौघी एकाच ऑटोतून उतरल्या. तिघींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी वर्णन करणार नाही. हिचा भडका उडेल म्हणून मी मान खाली घातली. पण ही शांत होती.

"तुम्ही रडून राहिले होते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं. मले वाटलं, खरंच काहीतरी तुटलं."

मी तिच्या मागे मागे सामानाची चौकशी करायला खिडकीवर गेलो.

आतल्या बाबूने सगळी हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. "आउटर पे उतरने को बोला किसने?"

चौघींनी एकदम माझ्याकडे बोट केलं.

"आप क्या रेलवे में थे?"

"नहीं जी," मी म्हणालो, "पोस्ट ऑफिस में."

"तरीच!" मागून ही म्हणाली. "सामान एका ठिकाणी अन् माणूस दुसऱ्याच ठिकाणी काहून पोचते, ते आता समजलं!"