एक विहीर, तीन विभाग आणि कुसुमताईंचा प्रश्न

आमच्या संस्थेत 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द दर बैठकीत निघतो आणि चहाबरोबर संपतो. यंदा मात्र वार्षिक अहवालातलं 'संशोधन उपक्रम व उपलब्धी' हे प्रकरण फारच बारीक दिसायला लागलं. मग संचालकांनी भूगर्भशास्त्राचे कुलकर्णी सर, सूक्ष्मजीवशास्त्राची रेणुका आणि समाजशास्त्राची मी, अशा तिघांना पुण्याहून उचलून बुलढाणा जिल्ह्यात धाडलं. विषय होता पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तिथल्या जमिनीतलं पाणी खारट आहे हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे, पण आमच्या अहवालाला अजून ठाऊक नव्हतं.

तुम्ही शेगावला जाणार असाल तर गुरुवार टाळा. आम्ही नेमके गुरुवारी सकाळी उतरलो, कारण तारीख ठरवणाऱ्याने फक्त स्वतःची डायरी पाहिली होती. दर्शनाच्या गर्दीतून पेट्या ओढत लॉजपर्यंत पोचेस्तोवर कुलकर्णी सरांचा चेहरा उतरला होता. प्रत्येक विभागाने आपापली पेटी, आपापला जीपीएस आणि आपापला बॅनर आणला होता. प्यायचं पाणी एकानेही आणलं नव्हतं. स्टेशनबाहेरची गरम कचोरी मात्र चुकवू नका, त्या दिवशी डोकं ठिकाणावर राहिलं ते तिच्यामुळेच.

गावात जायला जीप ठरवली. चालक गजाननभाऊ. दोन्हीकडे कापूस वेचणं चाललेलं, तुरी पिवळ्या फुलांवर आलेल्या, आणि रस्ता असा की दर खड्ड्याला रेणुका आपली बर्फाची पेटी मांडीवर घट्ट धरायची. काळी जमीन, सपाट, लांबच लांब. मला ते पाहून खूप बरं वाटत होतं, पण मागे सर आणि रेणुका यांच्यात अहवालात कोणाचं नाव आधी येणार यावर वाद चालू होता, त्यामुळे बरं वाटणं फार टिकलं नाही.

विहीर अंगणवाडीला लागूनच होती. अंगणवाडी सेविका कुसुमताई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत.

"मागच्या साली बी आलते कोणी," त्या म्हणाल्या. "बाटल्या भरून नेल्या, मंग फिरकलेच नाही. मले एकच सांगा. टँकर येत नाही त्या दिवशी या पाण्यात लेकरायची खिचडी टाकू का नको?"

साधा प्रश्न होता. सर म्हणाले, क्षारांचं प्रमाण पाहावं लागेल. रेणुका म्हणाली, जंतू तपासावे लागतील. आणि मी, देवा, मी विचारलं, "या पाण्याबद्दल गावाची भावना काय आहे?"

"भावना?" कुसुमताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "खारं हाये, मॅडम."

बाटल्या भरल्या, फोटो निघाले, बॅनर तीनदा बदलला. संध्याकाळी लॉजवर चहा पिताना सर खुशीत होते. "रेणुका, तुझ्याही बाटल्यांत मी आम्ल टाकलंय बरं का. नमुना टिकतो त्याने. म्हटलं, एकत्र काम करायचं तर मदत करावी."

रेणुकाने कप खाली ठेवला. सरांना पाण्यातले धातू मोजायचे असतात, ते आम्लाने टिकतात. तिला जंतू मोजायचे असतात, ते आम्लाने मरतात. सर आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या विभागाला मदत करायला गेले आणि त्याचं सगळं काम धुऊन टाकलं.

"सर, तुम्ही बोलला नसतात तर मी 'जंतू नाहीत' असं लिहून दिलं असतं," ती म्हणाली. "कुसुमताईंनी त्यात खिचडी टाकली असती."

आत्तापर्यंत मला आम्हा तिघांचा वैताग येत होता, आता आमचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जीप, तेच खड्डे. "काऊन, कालचं पाणी सांडलं काय?" कुसुमताईंनी विचारलं. सरांनी स्वतः पुढे होऊन चूक सांगितली. कुसुमताईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पोहरा आमच्या हातात दिला. निघताना मी त्यांना माझा नंबर दिला. गजाननभाऊ वाटेत म्हणाले, "तुमी तिघं एकमेकाशी बोलत नाही काय बे घरी?" 'बे' सरांना उद्देशून होतं.

पुण्यात परतल्यावर रेणुकाच्या बाटल्यांत जंतू निघाले, सरांच्या बिनआम्लाच्या बाटल्यांत नायट्रेट, म्हणजे खतांतून झिरपणारा क्षार. दोन्ही भरपूर. पण संचालकांचा नियम असा की तिन्ही विभागांच्या सह्यांचा संयुक्त निष्कर्ष झाल्याशिवाय बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मसुदा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. दरम्यान अहवाल छापूनही आला. 'उपलब्धी'मध्ये आम्ही तिघे विहिरीच्या काठावर हसत उभे आहोत. तो फोटो पाहून मला स्वतःचाच संताप आला.

त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये कुसुमताईंचा फोन आला. सर आणि रेणुका समोरच होते. मी फोन स्पीकरवर टाकला. प्रश्न तोच होता, या पाण्यात खिचडी टाकू का नको.

"उकळून घेतलं तर जंतू मरतील," रेणुका हळूच म्हणाली.

"पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट वाढतं," सर म्हणाले. "लहान मुलांना तेच जास्त बाधतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी मिळून केलेलं हे पहिलं संशोधन. नियम गेला खड्ड्यात, मी सांगून टाकलं, "ताई, नका वापरू. उकळूनसुद्धा नको."

"बरं झालं, कोणी तं सांगतलं," त्या म्हणाल्या. थोडं थांबल्या. "मंग टँकर येत नाही तवा लेकरायले काय देऊ? आज बी आला नाही."

सरांनी रेणुकाकडे पाहिलं, रेणुकाने माझ्याकडे. हा प्रश्न आमच्यापैकी कुठल्याच विभागाचा नव्हता.

"ताई, फोन ठेवू नका," मी म्हणाले आणि टँकर कोण पाठवतं ते शोधायला सरांचा फोन ओढून घेतला.